नाकातील गाठ : नाव कळल्याशिवाय उपचार नाही

स्मरणिकेसाठी काहीतरी उपयोगी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्णाच्या नातेवाइकाचा, एवढाच. परंतु याच नात्याने मला एका आजाराची जी ओळख झाली, ती आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना करून द्यावी असे वाटले. हा आजार म्हणजे नाक आणि नाकाभोवतालच्या पोकळ्यांमध्ये होणारी गाठ होय.

आमच्या सौ.चे थोरले बंधू सुतारकाम करीत. त्यांना घरात सर्वजण दादा म्हणत. सोळाव्या वर्षी त्यांनी हातात करवत घेतली आणि पुढे चाळीस वर्षे सागवान, शिसव, प्लायवूड यांच्या भुशातच त्यांचे आयुष्य गेले. मीरा रोडला नवनव्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा नया नगरमधील कित्येक घरांची कपाटे आणि ओटे त्यांच्या हातचे होते. २०१६ साली त्यांची उजवी नाकपुडी बंद राहू लागली. पडसे असेल म्हणून त्यांनी थेंब घातले, वाफ घेतली. पुढे रुमालाला रक्ताची पुसट रेघ दिसू लागली. एक दिवस ते सहज म्हणाले, "हल्ली मला पॉलिशचा वाससुद्धा येत नाही." आम्ही हसण्यावारी नेले.

चार-पाच महिन्यांनी एका लहान नर्सिंग होममध्ये त्यांना दाखविले. "नाकात मांस वाढले आहे, काढून टाकू" असे सांगून ते काढण्यात आले. नाक मोकळे झाले, सर्वांना बरे वाटले. परंतु तीन महिन्यांत तीच नाकपुडी पुन्हा बंद झाली आणि उजव्या डोळ्यातून सारखे पाणी येऊ लागले. मग आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या वेळी काढलेला तुकडा तपासला होता का? त्याचा रिपोर्ट कुठे आहे?"

रिपोर्ट नव्हता. तुकडा तपासणीस पाठविलाच नव्हता. तो पाठवायचा असतो हे आम्हाला माहीत नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. या एका प्रश्नासाठीच हा लेखप्रपंच.

नाकाची रचना

आरशात दिसते ते नाक म्हणजे केवळ दर्शनी भाग. आत पडद्याने विभागलेले दोन मार्ग थेट घशाच्या वरच्या भागापर्यंत जातात. त्यांच्या भोवती कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच आपण सायनस म्हणतो. त्यांच्या चार जोड्या आहेत. गालाच्या हाडातील पोकळी सर्वांत मोठी असून तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची एथमॉइड सायनस असते. कपाळात फ्रंटल आणि कवटीच्या मधोमध खोलवर स्फिनॉइड.

या पोकळ्यांचा शेजार लक्षात घेतला म्हणजे आजाराची लक्षणे आपोआप समजतात. गालाच्या पोकळीचे छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि तिची जमीन म्हणजे टाळू व वरच्या दाढांची मुळे. एथमॉइड आणि डोळा यांच्यामध्ये तर कागदासारखे पातळ हाड असते, आणि नाकाच्या छतावर, चाळणीसारख्या भोके असलेल्या हाडापलीकडे, मेंदू असतो. म्हणून गाठ खाली वाढली तर दाढ हलते किंवा कवळी बसेनाशी होते, वर वाढली तर डोळा पुढे येतो किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात, पुढे वाढली तर गाल सुजतो वा बधिर होतो, आणि मागे गेली तर तोंड उघडणे अवघड होते.

परंतु ही लक्षणे उशिराची. मुळात जागा पोकळ असल्याने गाठीला वाढायला ऐसपैस वाव मिळतो आणि बराच काळ ती काहीच त्रास देत नाही. त्रास दिलाच तर तो पडशासारखा असतो. म्हणूनच या गाठींचे निदान अनेकदा उशिरा होते.

वर्गीकरण कशासाठी?

बँकेत एखादी रक्कम आली आणि ती कोणाची हे कळले नाही, तर आम्ही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतो. तेथे ती कायम ठेवता येत नाही. तपास करून योग्य खात्याला लावावीच लागते. "नाकात मांस वाढले आहे" हे वाक्य म्हणजे असे सस्पेन्स खाते आहे. ते निदान नव्हे. त्या मांसाचे खरे नाव शोधावे लागते, कारण प्रत्येक नावाचा उपचार निराळा आहे. ढोबळमानाने तीन गट करता येतील.

पहिला गट : गाठीसारखे दिसणारे, पण गाठ नसलेले. यात सर्वांत नेहमीचा म्हणजे पॉलिप. ॲलर्जी किंवा जुनाट सुजेमुळे नाकाचे अस्तर फुगून द्राक्षासारखे लोंबते. हे बहुधा दोन्ही नाकपुड्यांत होते. दुसरा आजार ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. तळ्यात, डबक्यात अंघोळ करणाऱ्यांत हा आढळतो. छत्तीसगड, तमिळनाडू, केरळ येथे तो विशेष दिसतो आणि तळ्यांच्या पूर्व विदर्भालाही तो अनोळखी नाही. लालभडक, वर पांढरे ठिपके, जणू स्ट्रॉबेरीच, आणि धक्का लागताच रक्त. त्याचा जंतू कित्येक दशके बुरशी समजला जात होता. १९९९-२००० च्या सुमारास त्याच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा तो बुरशी नसून पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या एका वेगळ्याच कुळातला निघाला. तिसरा म्हणजे म्युकरमायकोसिस. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत याच काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हजारो रुग्णांना गाठले. मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा झालेल्या रुग्णांत ती फोफावली. गाल बधिर होणे, दात हलणे, डोळा सुजणे ही तिची लक्षणे कर्करोगासारखीच, पण महिन्यांऐवजी दिवसांत वाढणारी. कित्येकांचा वरचा जबडा, काहींचा डोळा काढावा लागला.

दुसरा गट : सौम्य गाठी. या शरीरात इतरत्र पसरत नाहीत. परंतु सौम्य म्हणजे निरुपद्रवी असे मात्र नाही. ऑस्टिओमा ही हाडाची गाठ बहुधा कपाळाच्या पोकळीत असते, दुसऱ्याच कारणाने काढलेल्या फोटोत योगायोगाने सापडते, आणि त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. इन्व्हर्टेड पॅपिलोमा मात्र फसवा आहे. तो बाहेर वाढण्याऐवजी आतल्या बाजूला वळून वाढतो, म्हणून हे नाव. तो मुळासकट काढला नाही तर परत येतो, आणि शंभरातील सुमारे पाच ते दहा रुग्णांत त्यात कर्करोग आढळतो. दिसायला तो साध्या पॉलिपसारखाच, फक्त बहुधा एकाच बाजूला.

अँजिओफायब्रोमा ही गाठ जवळजवळ केवळ वयात येणाऱ्या मुलग्यांना होते. विद्यार्थी मित्रांनी व त्यांच्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी : दहा ते वीस वर्षांच्या मुलाची एक नाकपुडी बंद असेल आणि वरचेवर भळाभळा घोळणा फुटत असेल, तर ते उन्हाने झाले असे म्हणून सोडून देऊ नये. ही गाठ रक्तवाहिन्यांनी इतकी भरलेली असते की तपासणीच्या खोलीत तिचा तुकडा काढू गेल्यास रक्त थांबविणे कठीण होते. येथे तुकडा न काढता स्कॅनवरूनच निदान करतात.

तिसरा गट : मारक गाठी, म्हणजे कर्करोग. डोके व मानेच्या सर्व कर्करोगांत यांचे प्रमाण शेकडा तीन ते पाच एवढेच. आपल्याकडे तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगापुढे ते फारच कमी. पण प्रकार मात्र आश्चर्य वाटावे इतके. नाकाच्या अस्तरापासून होणारा स्क्वेमस सेल कार्सिनोमा सर्वांत अधिक, आणि त्याची मुख्य जागा गालाची पोकळी. ग्रंथींपासून होणारा ॲडिनोकार्सिनोमा बहुधा एथमॉइडमध्ये. लाळग्रंथीसारख्या बारीक ग्रंथींतून होणारा ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा सावकाश वाढतो, नसांच्या कडेकडेने सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही परतू शकतो. वास ओळखणाऱ्या पेशींपासून होणारा ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा १९२४ साली फ्रान्समध्ये प्रथम वर्णिला गेला. त्याखेरीज मेलॅनोमा, लिम्फोमा आणि हाड, स्नायू व कूर्चा यांचे सार्कोमा.

नाव बदलले की उपचार कसा बदलतो पाहा. स्क्वेमस किंवा ॲडिनोकार्सिनोमा असेल तर शक्य तेथे आधी शस्त्रक्रिया आणि बहुधा नंतर किरणोपचार. लिम्फोमा असेल तर मोठी शस्त्रक्रिया करीतच नाहीत. औषधे आणि किरण यांवरच भर असतो. बुरशी असेल तर बुरशीनाशक इंजेक्शने आणि सडलेला भाग तातडीने काढणे. चुकीच्या नावावर उपचार झाला तर कोणाचा जबडा विनाकारण जाईल आणि कोणाचा जीव.

भुसा आणि नाक

दादांना हा आजार का झाला? इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या व फर्निचर बनविणारे गाव आहे. तेथील कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस्मी हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की नाकातील ॲडिनोकार्सिनोमा, जो इतरत्र क्वचितच दिसतो, तो त्यांच्याकडे येणाऱ्या फर्निचर कामगारांत वारंवार दिसतो. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडून १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. पुढे अनेक देशांत तेच दिसले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा हा माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणारा पदार्थ असल्याचे जाहीर केले. चामड्याची धूळ आणि निकेल शुद्धीकरणातील संयुगे हीही त्याच यादीत आहेत. धुळीशी पहिला संबंध आल्यापासून आजार दिसेपर्यंत तीस-चाळीस वर्षे जातात, म्हणून कारण आणि परिणाम यांचा धागा कोणाला जुळवता येत नाही.

एका माणसाच्या बाबतीत हेच कारण असे छातीठोकपणे सांगता येत नाही, असे डॉक्टर आम्हाला म्हणाले. तरीही त्यांनी दादांना व्यवसाय विचारला आणि तो केसपेपरवर लिहिला. आजवर कोणी विचारला नव्हता. आपणही डॉक्टरांकडे जाताना आपले काम काय, किती वर्षे केले, हे आपण होऊन सांगावे.

निदानाच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे दुर्बिणीने तपासणी. बारीक नळीच्या दुर्बिणीने नाकाचा आतला भाग थेट दिसतो. औषधाने नाक बधिर करून बाह्यरुग्ण विभागातच ही तपासणी होते. त्याच वेळी डोळे, दात, टाळू, गालाची संवेदना आणि मानेतील गाठी तपासतात.

दुसरी पायरी चित्रांची. साध्या एक्स-रेवर पोकळी पांढुरकी दिसते, पण आत पू आहे की गाठ हे कळत नाही. सी.टी. स्कॅन हाडे उत्तम दाखवितो : कोठे हाड झिजले, कोठे फुटले. एम.आर.आय. मऊ भाग दाखवितो. गाठीमुळे पोकळीचे तोंड बंद होऊन आत द्रव साठतो, सी.टी.वर गाठ आणि द्रव एकच भासतात, एम.आर.आय.वर ते बहुधा वेगळे ओळखू येतात. डोळ्यात, मेंदूच्या आवरणात किंवा नसेवाटे आजार शिरला का, हेही त्यावरच अधिक चांगले कळते. तेव्हा दोन्ही तपासण्या सांगितल्या तर डॉक्टर खर्च वाढवीत आहेत असे समजू नये.

तिसरी पायरी बायोप्सी. स्कॅन आधी आणि तुकडा नंतर, हा क्रम महत्त्वाचा. अँजिओफायब्रोमाचे कारण वर आलेच आहे. लहान मुलांत तर नाकातील गोळा म्हणजे कवटीच्या छिद्रातून खाली उतरलेले मेंदूचे आवरणही असू शकते. तेथे चिमटा लावणे म्हणजे मेंदूभोवतालचे पाणी बाहेर काढणे. "तुकडा काढला की कर्करोग पसरतो" ही आपल्या लोकांतील भीती मात्र निराधार आहे. या भीतीपायी वाया जाणारे महिनेच घातक ठरतात.

चौथी पायरी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी. तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत जातो, मेणात बसवितात, त्याचे अतिपातळ काप करून रंगवितात. त्या मेणाच्या वडीला ब्लॉक आणि काचेवरील कापाला स्लाइड म्हणतात. पुष्कळदा एवढ्यावर नाव कळते. पण लिम्फोमा, मेलॅनोमा, ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा यांसारख्या गाठी कधीकधी सारख्याच दिसतात : सगळ्या लहान, गोल, निळ्या पेशी. मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. प्रत्येक प्रकारच्या पेशीवर विशिष्ट प्रथिने असतात आणि त्या त्या प्रथिनाला चिकटणारी रसायने वापरून पेशीचे कूळ ओळखता येते. धनादेशावरील सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहावी तसाच हा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आता पेशीतील जनुकांच्या बिघाडावरूनही नवे प्रकार वेगळे केले आहेत.

ब्लॉक जपला तर काय होते याचे एक ऐतिहासिक उदाहरण आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या टाळूवरील गाठीची शस्त्रक्रिया १ जुलै १८९३ रोजी एका नौकेवर गुप्तपणे झाली. वरच्या जबड्याचा भाग काढला गेला. पुढे ते १९०८ पर्यंत जगले, तेव्हा मुळात कर्करोग होता का अशी शंका लोक घेत राहिले. काढलेला भाग फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयात ठेवलेला होता. त्याची पुन्हा तपासणी होऊन १९८० साली अहवाल प्रसिद्ध झाला : सावकाश वाढणारा, सहसा न पसरणारा असा व्हेरुकस कार्सिनोमा. तुकडा जपल्यामुळे सुमारे नव्वद वर्षांनीही नाव सापडले. आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वीचा तुकडा नव्हता.

पाचवी पायरी टप्पा ठरविण्याची. १९३३ साली स्वीडनच्या ओनग्रेन या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खालच्या जबड्याच्या कोनापर्यंत एक काल्पनिक रेषा आखली. रेषेच्या पुढे व खाली असलेल्या गाठी पुष्कळदा लवकर कळतात. वर व मागे असलेल्या गाठी डोळा व मेंदूच्या शेजारी असल्याने अधिक घातक. आज गाठीचा विस्तार, मानेतील गाठी व इतरत्र प्रसार या तीन गोष्टींवरून टप्पा ठरतो. गालाच्या पोकळीत गाठ केवळ अस्तरात असेल तर पहिला टप्पा, टाळूचे हाड झिजले तर दुसरा, पोकळीची मागची भिंत किंवा डोळ्याच्या खोबणीचा तळ गाठला तर तिसरा, त्यापलीकडे चौथा.

परळची वाट

आपण मुंबईच्या उंबरठ्यावर राहतो ही या बाबतीत मोठीच सोय. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळा ज्यांनी उभारली ते डॉ. वसंत रामजी खानोलकर भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. रोगाचे नाव सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित करण्याची शिस्त आपल्या देशात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. बाहेर केलेल्या बायोप्सीचे ब्लॉक व स्लाइड तेथे नेल्यास त्यांची फेरतपासणी होते. के.ई.एम. व नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग आहेत. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी रेशन कार्ड व आधार कार्ड बरोबर ठेवून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी. पैसे नाहीत म्हणून घरी बसून राहू नये.

एवढे लक्षात ठेवावे

एकाच नाकपुडीचा त्रास, म्हणजे बंद राहणे, रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, औषध घेऊनही तीन-चार आठवडे टिकला तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्यावे. अशा बहुतेकांना कर्करोग नसतोच. पण ते तपासल्यावरच कळते. कारण नसताना वरची दाढ हलणे, दात काढल्यावर खड्डा न भरणे, गाल बधिर होणे, एका डोळ्यातून सतत पाणी येणे, यांचा संबंध नाकाशी असू शकतो. नाकातून काहीही काढले, अगदी साधे मांस म्हणून काढले, तरी ते तपासणीस पाठविले का हे विचारावे. दोन्ही बाजूंचे काढले असेल तर ते वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवावे. रिपोर्ट हातात घ्यावा, ब्लॉक आणि स्लाइड कोठे आहेत ते लिहून ठेवावे. आणि लाकूड घासणाऱ्या, चामडे कापणाऱ्या बांधवांनी चांगल्या प्रतीचा मास्क वापरावा; तोंडाला रुमाल बांधून बारीक भुसा थांबत नाही.

दादांचा रिपोर्ट आला तो एथमॉइडमधील ॲडिनोकार्सिनोमाचा. आजार कवटीच्या तळापर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. त्यानंतर ते चार वर्षे जगले. त्यातली तीन बरी गेली. त्यांनी नातीसाठी अभ्यासाचे टेबलही केले, तोंडाला मास्क लावून. पहिल्याच वेळी तुकडा तपासला असता तर ते आज असते काय, हे कोणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांनीही सांगितले नाही. पण ते तीन महिने आमच्या हातून गेले, एवढे खरे.

ते टेबल आमच्या शेजारच्याच इमारतीत आहे. त्यावर अभ्यास करणारी मुलगी यंदा दहावीला आहे.